घरचें वाण

गेल्या श्रावणांत एके दुपारीं धाकटी सूनबाई बियांचीं तीन रंगीत पाकिटें हातांत घेऊन माझ्या खोलीच्या उंबऱ्याशीं येऊन उभी राहिली. "मामंजी, यंदा परसांत टोमॅटो लावायचे म्हणतें. यांतलें कोणतें बीं घेऊं?" मीं चष्मा लावून पाकिटें वाचलीं. तिन्हींवर एकसारखींच लाल, गोल, चकचकीत फळें छापलेलीं होतीं आणि तिन्हींवर सांगितलेले गुणही जवळजवळ तेच होते: भरघोस उत्पन्न, टणक साल, टिकाऊ फळ, दूरच्या बाजारपेठेस उत्तम. मीं तिला विचारलें, "आपली बाजारपेठ किती दूर आहे?" ती हंसली व म्हणाली, "परसापासून स्वयंपाकघरापर्यंत. फार तर वीस पावलें."

वीस पावलांच्या प्रवासासाठीं दोनशें कोसांच्या प्रवासाचें बीं कशाला हवें, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनांत घोळत राहिला. घरच्या बागेसाठीं टोमॅटोचा वाण निवडतांना बहुतेक कुटुंबांत हा प्रश्न विचारलाच जात नाहीं. दुकानदार देईल तें पाकीट आपण घेतों आणि पुढल्या वर्षीं पुन्हां त्याच्याच दारांत जाऊन उभे राहतों. ज्यांच्या घरामागें चार हात जागा आहे, किंवा नुसत्या गच्चीवर पांच-सहा कुंड्या आहेत, अशा कुटुंबांनीं ही निवड कशी करावी हें सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यांत माझ्या स्वतःच्या एका चुकीची कबुली ओघानें येईल. ती वाचकांनीं पोटांत घालावी.

परदेशी फळाचें देशीपण

टोमॅटो हें फळ मूळचें आपलें नव्हे. त्याचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेंत अँडीज पर्वताच्या पश्चिमेकडील प्रदेशांत आढळतात. त्याची लागवड मेक्सिकोंतील लोकांनीं वाढविली, आणि टोमॅटो हें नांवही तेथल्याच नाहुआत्ल भाषेंतील शब्दावरून आलेलें आहे. १५२१ सालीं स्पॅनिश लोकांनीं मेक्सिकोची राजधानी जिंकल्यावर तें फळ युरोपांत गेलें. १५४४ सालीं मात्तिओली नांवाच्या इटालियन वैद्यानें आपल्या ग्रंथांत त्याचा उल्लेख केलेला आहे. हिंदुस्थानांत तें पोर्तुगीजांबरोबर आलें असें मानतात. संस्कृतांत वांग्यास वार्ताक, वृन्ताक अशीं जुनीं नांवें आहेत. टोमॅटोस तसें एकही नाहीं. नवख्या पाहुण्यास घरांतील एखाद्या ओळखीच्या माणसाच्या नात्यानें ओळखावें, तसें आपल्या लोकांनीं यास वांग्याच्या नात्यानें ओळखलें. मराठींत कोणी त्यास वेलवांगें म्हणाले, बंगालींत विलायती बेगुन म्हणाले. नातें खरेंच आहे. वांगें, बटाटा, मिरची व टोमॅटो हीं सर्व वनस्पतिशास्त्राप्रमाणें एकाच कुळांतलीं. आमच्या वऱ्हाड-नागपूरकडे मात्र खेड्यापाड्यांत त्यास 'भेदर' म्हणतात.

आमची आजी भेदरास शिवत नसे. त्याचा रंग तिला मांसासारखा वाटे, आणि वांग्याचें भाऊबंद म्हणून चातुर्मासांत तर ती तें घरांत येऊंही देत नसे. तरी आईनें न्हाणीघराच्या पाण्यावर भेदराचीं चार-सहा झाडें लावलींच होतीं. फळ लिंबापेक्षां थोडें मोठें, चपटें, देंठाकडे वळ्या पडलेलें, पातळ सालीचें, आणि असें रसाळ कीं चिरतांना विळीच्या पाटावर ओघळ येई. पिकलेल्या फळांचें आई सार करी. कच्च्या फळांची हिरवी मिरची व शेंगदाणे घालून चटणी करी. आजीनें अखेरपर्यंत तें खाल्लें नाहीं, परंतु साराला फोडणी पडली कीं ओसरीवरून "आज काय केलेंस ग?" असें विचारल्यावांचून तिला राहवत नसे.

दरवर्षीं माघांत आई त्यांतील एका झाडास लाल चिंधी बांधून ठेवी. त्या झाडाचीं फळें आम्हां मुलांपैकीं कोणीं तोडायचीं नाहींत, असा दंडक होता. त्यांचें बीं धुवून, वाळवून, राखेंत मिसळून ती एका लहान गाडग्यांत भरी व तें गाडगें कोनाड्यांत ठेवून देई. अशा रीतीनें वर्षामागून वर्षें निवड होतां होतां मेक्सिकोकडील तें फळ आमच्या काळ्या मातीचें, आमच्या थंडीचें आणि आमच्या साराचें होऊन गेलें होतें. देशीपण जन्मावरून ठरत नाहीं, जपणुकीवरून ठरतें, ही गोष्ट मला फार उशिरां कळली.

आई गेली त्या वर्षीं दिवाळीपूर्वीं घर रंगवितांना आम्हीं सर्व कोनाडे रिकामे केले. गाडग्यांत राख दिसली. मीं तें गाडगें माझ्या हातानें उकिरड्यावर ओतलें. वर्गांत मुलांकडून 'बीज' शब्द वर्षानुवर्षें चालवून घेणाऱ्या माणसास डोळ्यांसमोरचें बीं ओळखतां आलें नाहीं!

संकरित बीं आणि सरळ बीं

त्यानंतर इतरांप्रमाणें मीही दुकानचें बीं आणूं लागलों. पहिल्या वर्षीं इतकीं सारखीं व टपोरीं फळें लागलीं, कीं आईच्या भेदराची मला आठवणही झाली नाहीं. मोठ्या हौसेनें मीं त्याचें बीं राखून पुढल्या वर्षीं पेरलें. तेव्हां मात्र बारा झाडांचीं बारा तोंडें झालीं. कोठें फळ लांबट, कोठें बोराएवढें, कोठें पोकळ. एक झाड तर नुसतें पानेंच वाढवीत बसलें. दुकानदारानें फसविलें असें मला वाटलें. पण त्याचा कांहीं दोष नव्हता. पाकिटावरचा एक शब्द मीं वाचला नव्हता.

तो शब्द 'संकरित' हा होय. कोठें त्याऐवजीं 'हायब्रीड' असतें, कोठें नुसतें 'एफ-१' असतें. दोन निरनिराळ्या शुद्ध वाणांच्या फुलांचा माणसानें मुद्दाम संकर करावयाचा व त्यापासून निघालेली पहिली पिढी तेवढी विकावयाची, असा हा व्यवहार आहे. ही पहिली पिढी एकसारखी व जोमदार असते. परंतु तिच्यांत दडून राहिलेले दोन्ही घराण्यांचे गुण दुसऱ्या पिढींत वेगवेगळे होऊन बाहेर पडतात. मेंडेल नांवाच्या मठवासी साधूनें वाटाण्यांवर प्रयोग करून हा नियम १८६६ सालीं प्रसिद्ध केला. आमच्या परसांतल्या बारा झाडांनीं तोच मला पुन्हां शिकविला. १९४९ सालीं अमेरिकेंत बर्पी कंपनीनें 'बिग बॉय' हा संकरित टोमॅटो बाजारांत आणला व तेथील घरगुती बागांतही अशा वाणांचें प्रस्थ वाढत गेलें.

याच्या उलट सरळ वाण. टोमॅटोच्या फुलांत पुंकेसरांची नळी स्त्रीकेसरास वेढून असते, म्हणून तें बहुधा आपल्याच परागानें फळतें. त्यामुळें सरळ वाणाचें बीं राखून पेरलें तर लेक आईसारखीच निघते. अशा सरळ वाणांपैकीं जे पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबांतून जपले गेले, त्यांस इंग्रजी भाषा बोलणारे लोक 'हेअरलूम' म्हणतात. आपल्याकडे त्यास वडिलोपार्जित हा चांगला शब्द आहे. आजीची पाटली जशी सुनेच्या हातीं येते तसेंच हें बीं. भेद इतकाच कीं पाटली पेटींत पन्नास वर्षें राहिली तरी सोन्याचें सोनेंच राहते, आणि टोमॅटोचें बीं सामान्यतः चार-पांच वर्षांत पेरलें नाहीं तर त्याचा उगवण्याचा जोर ओसरतो. हा असा दागिना आहे कीं जो वापरल्यानेंच टिकतो.

संकरित बियाण्यास नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. कर्ज काढून एकर-दीड एकर टोमॅटो लावणाऱ्या शेतकऱ्यास उत्पन्न व रोगांस तोंड देण्याची शक्ति पाहावीच लागते. पिंपळगांव बसवंत किंवा नारायणगांव येथल्या बाजारांतून ट्रकांत भरून शेंकडों मैल जाणारें फळ टणक नसेल तर वाटेंतच त्याचें सार व्हावयाचें. २०२३ च्या जुलै-ऑगस्टांत टोमॅटो किलोस दीडशें-दोनशें रुपयांपर्यंत चढला, आणि त्याच वर्षीं थोड्याच आठवड्यांत भाव इतका पडला कीं शेतकऱ्यांनीं माल रस्त्यावर ओतला. असल्या बाजारांत उतरणाऱ्याचें गणित निराळें आणि वीस पावलांच्या बाजाराचें गणित निराळें, एवढेंच माझें म्हणणें आहे.

हिंगणघाटनें गमावलेलें बीं

बीं कसें नाहींसें होतें हें पाहण्यास आम्हां हिंगणघाटकरांस दूर जावयास नको. वणा नदीच्या कांठचें हें गांव कापसामुळें नांवारूपास आलें. एकोणिसाव्या शतकांत 'हिंगणघाटी' कापूस या देशांतील उत्तम देशी कापसांत गणला जात असे. तो बनी जातीचा. त्याचा धागा त्या काळच्या इतर देशी जातींच्या मानानें लांब व मऊ. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मँचेस्टरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, तेव्हां वर्धेच्या खोऱ्यांतील या कापसाकडे इंग्रज व्यापाऱ्यांचें लक्ष विशेष वेधलें.

पुढें 'जरी' नांवाची जात पसरली. तिचा धागा आखूड व जाडाभरडा. पण उत्पन्न अधिक, आणि सरकी काढल्यावर रुईही अधिक पडे. बनीच्या मऊपणाला त्या मानानें जास्त भाव मिळेना. शेतकऱ्यानें जरी पेरली, आणि त्याच्या जागीं आपण असतों तर आपणही तेंच केलें असतें. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बनी आपल्याच गांवाच्या शिवारांतून मागें पडली होती. तिचा उच्छेद करावा असें कोणीं ठरविलें नव्हतें. प्रत्येकानें फक्त त्या वर्षापुरता विचार केला, आणि तेवढ्यानें काम झालें. २००२ सालीं बीटी कपाशीस परवानगी मिळाल्यापासून तर या भागांतील बहुतेक शेतकरी दरवर्षीं संकरित बीं विकत आणतात. घरच्या सरकींतून बीं राखण्याची रीत जवळजवळ लोपली आहे.

यावरून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. बाजार ज्या गुणाचे पैसे देतो तो गुण बाजार राखतो. ज्याचे देत नाहीं तो राखण्याचें काम घरानेंच करावें लागतें. कापसाच्या बाबतींत हें काम घराच्या आवाक्याबाहेरचें होतें. टोमॅटोच्या बाबतींत तें दहा हात जागेंत होण्यासारखें आहे.

टोमॅटोंत जो गुण बाजारानें मोजला नाहीं तो म्हणजे चव. जुन्या वाणांच्या कच्च्या फळास देंठाजवळ गडद हिरवा खांदा असतो. सर्व फळ एकसारखें फिकट हिरवें असावें व पुढें एकसारखें लाल व्हावें, म्हणजे तोडणीची वेळ ओळखणें सोपें, म्हणून सुमारें सत्तर वर्षें उत्पादकांनीं खांदा नसलेलीं झाडें निवडलीं. २०१२ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें, कीं ज्या जनुकामुळें तो हिरवा खांदा येतो तेंच जनुक फळांतील हरितद्रव्य वाढवून साखर तयार होण्यास साहाय्य करतें. एकरंगी वाणांत तें निकामी झालेलें आहे. रंगाच्या सोयीपायीं गोडी गेली ती अशी. शिवाय बाजारचें फळ कच्चें तोडलेलें असतें, आणि घरीं आणल्यावर आपण तें फ्रिजमध्यें ठेवतों. बारा अंशांखालच्या थंडीनें पिकल्या टोमॅटोचा सुगंध कमी होतो, हेंही आतां सिद्ध झालेलें आहे. पिकलेलें फळ टोपलींत, सावलींत ठेवावें.

निवड कशी करावी

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. वाण निवडण्यापूर्वीं घरांतील स्वयंपाक करणाऱ्या मंडळींस विचारावें, कीं टोमॅटोचें तुम्ही अधिक काय करतां? ज्या घरीं सार, आमटी, रस्सा अधिक, त्यांनीं पातळ सालीचा, आंबट, रसाळ, वळ्यांचा देशी भेदर लावावा. या कामीं त्याची बरोबरी करणारा दुसरा नाहीं. कोशिंबिरीसाठीं गरदार व कमी आंबट फळ हवें. वर्षाची चटणी किंवा सॉस करून ठेवणाऱ्यांनीं 'रोमा'सारखा लांबट वाण घ्यावा. त्यांत गर जाड व रस थोडा, त्यामुळें आटविण्यास वेळ व इंधन कमी लागतें. घरांत लहान मुलें असतील तर बोराएवढ्या फळांचें एक झाड अवश्य असावें. मुलें येतां-जातां तीं तोडून खातात, आणि या जातीचें झाड काटकही असतें.

दुसरा विचार जागेचा. कांहीं वाण झुडपासारखे ठराविक उंचीपर्यंत वाढून थांबतात व थोड्या आठवड्यांत बहुतेक सारें फळ देऊन मोकळे होतात. कुंडीस हे योग्य, रोमा यांतलाच. कांहीं वेलासारखे वाढतच राहतात आणि थोडें थोडें फळ अनेक दिवस देतात. परसांत जागा असेल तर रोजच्या स्वयंपाकास हे सोयीचे.

तिसरा विचार, बीं कोठून मिळवावें. पहिला शोध आपल्याच नात्यागोत्यांत व आठवड्याच्या बाजारांत घ्यावा. त्याविषयीं पुढें सांगतों. घरगुती बीं मिळालें नाहीं तर संशोधन-संस्थांनीं काढलेल्या सरळ वाणांपैकीं एखादा घ्यावा. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेचा 'पुसा रुबी' हा अमेरिकन 'सू' व आपल्याकडील सुधारलेला मेरठी यांच्या संकरांतून निवडून स्थिर केलेला वाण आहे. फळ किंचित् चपटें, थोड्या कंगोऱ्यांचें व आंबटसर असतें. बंगलोरजवळील हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संस्थेचा 'अर्का विकास' अमेरिकन 'टिप टॉप' जातींतून निवडलेला असून पाण्याचा ताण बराच सोसतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचा 'धनश्री'ही सरळ वाणच आहे. यांस काटेकोर अर्थानें वडिलोपार्जित म्हणतां येणार नाहीं. परंतु आपण आजपासून राखूं लागलों तर आपल्या नातवंडांच्या दृष्टीनें ते वडिलोपार्जितच ठरतील.

'ब्रँडीवाइन' वगैरे विलायती वडिलोपार्जित वाणांचीं चित्रें पाहून पुष्कळांस मोह पडतो. हीं मोठ्या फळांचीं झाडें उशिरां फळतात, आणि आमच्या भागांत तोंवर ऊन चढूं लागतें. हौस म्हणून एखादें झाड लावण्यास हरकत नाहीं. त्यावर भिस्त ठेवूं नये. तसेंच एकदम आठ-दहा वाण लावूं नयेत. दोन किंवा तीन पुरेत, कारण लावणें सोपें, वेगळें राखणें अवघड.

आमच्या हवेंत लागवड

टोमॅटोस फळ धरण्यास रात्रीची हवा साधारण पंधरा ते वीस अंशांची मानवते. फार उष्णतेंत पराग निकामी होतो व फुलें गळतात. लाल रंग देणारें द्रव्यही तीस अंशांच्या वर नीट तयार होत नाहीं, म्हणून आमच्याकडे चैत्रांत फळें पिवळट राहतात. तेव्हां विदर्भांत घरच्या टोमॅटोचा खरा काळ हिवाळा. पोळा झाला कीं गादीवाफ्यावर किंवा पसरट कुंडींत बीं टाकावें. रोपांवर जुन्या मलमलीचें कापड ताणून बांधावें, म्हणजे पांढरी माशी आंत शिरत नाहीं. हीच माशी पानें आकसविणाऱ्या रोगाचें विष एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. लागण झालेलें झाड मोह न धरतां उपटून टाकावें.

चार-पांच आठवड्यांनीं रोपें हलवावीं. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून रोपें सरींत न लावतां वरंब्यावर लावावीं. झुडपी जातींत दोन फूट व वेली जातींत तीन फूट अंतर असावें. आधार म्हणून तुराट्यांची ताटी बांधली तर पैशाचाही खर्च नाहीं. वाफ्याच्या कडेनें झेंडू लावावा. मुळांस गांठी आणणाऱ्या सूत्रकृमींस तो आळा घालतो. ज्या जागीं गेल्या वर्षीं वांगीं, मिरच्या किंवा बटाटे होते तेथें टोमॅटो लावूं नये. भाऊबंदांचे रोगही सामाईक असतात. पाणी बेताचें पण नियमित द्यावें. चार दिवस विसरून पांचव्या दिवशीं बादलीभर ओतलें कीं फळें तडकतात, आणि अशा अनियमितपणानें झाडास चुना नीट न पोंचून फळाच्या तळाशीं काळा डाग पडतो.

बीं राखण्याची रीत

बियांसाठीं उत्तम फळ शोधूं नये, उत्तम झाड शोधावें. निरोगी, भरपूर फळणारें व ज्याच्या फळाची चव घरांतल्या सर्वांस आवडली असें झाड पाहून त्यास चिंधी बांधावी. शक्य तर अशीं दोन-चार झाडें निवडावीं. दोन वाण एकमेकांपासून दहा-पंधरा फूट दूर असले म्हणजे घरगुती कामास पुरतें. अधिक काळजी घ्यावयाची तर फुलें उमलण्यापूर्वीं एका घोसावर मलमलीची लहान पिशवी बांधावी.

फळ झाडावरच पूर्ण पिकूं द्यावें. मग तें कापून बीं व रस कांचेच्या पेल्यांत पिळावा, थोडें पाणी घालावें व दोन-तीन दिवस सावलींत झांकून ठेवावें. वर पांढरी साय धरते व आंबूस वास येतो. त्यानें घाबरूं नये. बियांभोंवतीं जें बुळबुळीत आवरण असतें तें बियांस उगवूं देत नाहीं, आणि आंबविल्यानें तें सुटतें. नंतर पाणी घालून ढवळावें. पोकळ बीं तरंगतें, सकस बीं तळाशीं बसतें. तें चार-पांच वेळां धुवून ताटलींत पसरावें व सावलींत खडखडीत वाळवावें. कागदावर वाळवूं नये, चिकटून बसतें. पूर्ण वाळल्यावर कोरड्या राखेंत मिसळून घट्ट झांकणाच्या बाटलींत ठेवावें आणि बाटलीवर वाणाचें नांव, कोणाकडून आलें तें, व वर्ष लिहावें. हें लिहिणें अत्यंत आवश्यक आहे. आईच्या गाडग्यावर दोन अक्षरें असतीं तर मीं तें ओतलें नसतें.

'कृषिपराशर' या जुन्या संस्कृत ग्रंथांतही बीं माघ-फाल्गुनांत गोळा करावें, वाळवावें व निरनिराळ्या जातींची भेसळ होऊं देऊं नये असा उपदेश आहे. आई संस्कृत शिकली नव्हती; तिला तो उपदेश सासूकडून मिळालेला होता. मला ग्रंथ वाचतां येत होता आणि उपयोग झाला नाहीं.

गेलेलें बीं परत येतें

१९७५ सालीं अमेरिकेंत केंट व डायन व्हीली या तरुण दांपत्यानें जुनीं बीं राखून परस्परांत वांटणाऱ्या लोकांची एक संस्था काढली. तिचा आरंभ डायनबाईंच्या आजोबांनीं दिलेल्या बियांपासून झाला, आणि त्यांत त्यांच्या घराण्यांत बव्हेरियाहून आलेला एक गुलाबी टोमॅटो होता. आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यांत अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथल्या राहीबाई पोपेरे यांनीं शाळेचें तोंड न पाहतां शेंकडों गावरान बियाणीं राखलीं. २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. आपल्या देशाच्या २००१ च्या कायद्यानेंही शेतकऱ्याचा बीं राखण्याचा, पेरण्याचा व इतरांस देण्याचा हक्क मान्य केलेला आहे. हक्क आहे, उदाहरणें आहेत. उणीव आहे ती कोनाड्यांतल्या गाडग्याची.

आमच्या घरचें सांगून हा लेख पुरा करतों. श्रावणांत सूनबाईनें आणलेलीं तीन पाकिटें दुकानदारास परत केलीं आणि पुसा रुबी लावला. मार्गशीर्षांत एके दिवशीं मी आठवड्याच्या बाजारांत गेलों असतां वणेपलीकडून भाजी घेऊन येणाऱ्या एका म्हातारीच्या टोपलींत मला वळ्यांचीं, चपटीं, हिरव्या खांद्यांचीं भेदरें दिसलीं. मी तेथेंच खालीं बसलों. हें बीं कोठलें, असें विचारतांच तिनें माझ्याकडे निरखून पाहिलें व म्हणाली, "माह्या सासूले तुमच्या मायनंच देल्लं व्हतं, गुरुजी. तवापासून घरात हाये." फळांचे पैसे तिनें घेतले. बियांसाठीं म्हणून मीं वेगळे पैसे काढले, तेव्हां हात मागें घेऊन म्हणाली, "बियाचे पैसे कायले? तुमच्याच घरचं व्हय."

त्या दिवशीं अर्ध्या फळांचें बीं काढलें व अर्ध्यांचें सार केलें. आमच्या घरांतून त्यांनीं पहिला घोट घेतला, वाटी खालीं ठेवली आणि म्हणाल्या, "सासूबाईंचें सार आहे हें." मला बोलतां आलें नाहीं. जें मीं उकिरड्यावर ओतलें होतें तें केवळ आईनें एकदां कोणाला तरी ओंजळभर दिलें होतें म्हणून जगलें. घरांत राखलेलें बीं एका माणसाच्या विसरण्यानें जातें. वांटलेलें बीं सहसा जात नाहीं.

मराठींत 'वाण' हा शब्द दोन अर्थीं चालतो, हें सूनबाईनें माझ्या ध्यानांत आणून दिलें. पिकाचा तो वाण आणि संक्रांतीस सुवासिनी एकमेकींस लुटतात तें वाण. यंदा तिनें हळदीकुंकवास आलेल्या बायकांस प्लॅस्टिकच्या डब्या न देतां तिळगुळाबरोबर भेदराच्या बियांची एकेक पुडी दिली. प्रत्येक पुडींत वीस बिया, आणि वर तिच्या सुबक अक्षरांत लिहिलेलें होतें: "भेदर, सारासाठीं. पोळा झाल्यावर पेरणें. एक झाड बियांस राखणें." एकवीस पुड्या गेल्या. त्यांतील दहा उकिरड्यावर गेल्या असें धरलें तरी अकरा घरें उरतात.

बाविसावी पुडी कोनाड्यांत नव्या गाडग्यांत आहे. गाडग्यावर मीं आईचें नांव घातलें आहे.